कोकम सरबत काचेतून प्लास्टिकच्या बाटलीत न्यायचं चाललंय, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा

आगळवाली
२ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. कुडाळपासून थोडं आत आमचं छोटं प्रक्रिया केंद्र आहे. आम्ही नऊ जणी. कोकम सरबत, आगळ (कोकमाचा मिठातला रस) आणि कैरीचं लोणचं, एवढाच पसारा. चौदा वर्षं सगळं काचेतच भरतोय. आता प्लास्टिकचा विचार करायची वेळ आलीय आणि मन काही तयार होत नाही, म्हणून हा धागा.

झालं असं. गेल्या आठवड्यात पुण्याला बारा बाटल्यांचा खोका खाजगी बसने पाठवला. प्रत्येक बाटलीला कागद गुंडाळलेला, मध्ये पुठ्ठ्याचे खण, खाली-वर भाताचा पेंढा. पहाटे साडेपाचला फोन आला, डिकीतून लाल पाणी गळतंय म्हणून. तीन बाटल्या फुटल्या होत्या. सरबत वाहत जाऊन शेजारच्या कुणाच्या काजूच्या पोत्यात शिरलं. काजूचे पैसे आम्ही भरले. उरलेल्या नऊ बाटल्यांची लेबलं पाकात भिजून सुटली होती, त्यामुळे त्याही विकता आल्या नाहीत. एप्रिल-मे हेच आमचे कमाईचे दिवस. पाऊस लागला की रातांबे (कोकमाची फळं) संपले.

त्या रात्री मी काटा घेऊन बसले. ७०० मिलीची रिकामी काचेची बाटली झाकणासकट ४३० ग्रॅम. नमुना म्हणून आणलेली तेवढीच पेटची (विकतच्या पाण्याच्या बाटलीचं असतं त्या प्लास्टिकची) बाटली ३८ ग्रॅम. म्हणजे बाराच्या खोक्यात सरबत ११ किलो आणि नुसती काच पाच किलोच्या वर. गाडीभाडं आम्ही काचेचंच भरतोय. त्यात बाटल्या येतात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून, घाट उतरून, आणि येतानाही दरवेळी चार-दोन फुटतातच. आपल्या कासार्ड्याची सिलिका वाळू ट्रक भरभरून बाहेर जाते आणि काच होऊन परत येताना आपण तिचं भाडं देतो, हे मला फार लागतं.

पण तीन गोष्टींची भीती आहे. एक, रंग. आमच्या सरबताचा रंग हीच आमची जाहिरात, आम्ही वरून रंग घालत नाही. दोन, आम्ही सरबत गरम भरतो. साल आणि दुप्पट साखर मुरवून रस गाळायचा, ८५ अंशांपर्यंत तापवायचा, बाटलीत ओतायचा, झाकण लावून बाटली तीन-चार मिनिटं आडवी ठेवायची, म्हणजे झाकणालाही आतून चटका बसतो. हे प्लास्टिकात चालेल का? तीन, आमच्या वाडीपासून समुद्र जवळ आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर काय येऊन पडतं ते रोज बघते. त्यात आपल्या नावाची बाटली दिसली तर?

स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

गरम_भरणी
३ मे, सकाळी ७:०२

ताई, मी रत्नागिरीत आंब्याच्या कॅनिंगमध्ये २६ वर्षं काढली. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर आहे.

साध्या पेट बाटलीत ८५ अंशांवर भरता येणार नाही. पेट ७०-७५ अंशांच्या पुढे मऊ पडतं. बाटली तुमच्या हातातच कमरेतून बसेल, मान वाकडी होईल, झाकण नीट बसणार नाही. गरम भरण्यासाठी वेगळी पेट बाटली असते. ती तयार करतानाच साच्यात जास्त तापमानावर पक्की केलेली असते. तिच्या अंगावर खोलगट पट्टे असतात, कारण आतला माल थंड होऊन आकसला की बाटली आत ओढली जाते आणि ती ओढ ते पट्टे घेतात. ही बाटली महाग पडते आणि तुमच्याएवढ्या मागणीला कारखाना सहसा उभा करत नाही.

मग कोणी म्हणेल पीपीची बाटली घ्या, ती गरम सोसते. खरंय, पॉलीप्रॉपिलीन उकळतं पाणीही सहज सोसतं. पण पीपीतून हवा आत येते, पेटपेक्षा कितीतरी जास्त. काचेतून अजिबात येत नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. त्याचे तीन वैरी: उजेड, उष्णता आणि प्राणवायू. पीपीत भरलंत तर मालात जंतू राहणार नाहीत, पण रंग टिकणार नाही. पेटमध्ये रंग त्यातल्या त्यात टिकेल, पण गरम भरता येणार नाही.

म्हणून सांगतो, नुसती बाटली बदलायचा विचार करू नका. काच सोडायची असेल तर भरण्याची रीत बदलावी लागते. सरबत तापवा, मग झाकलेल्या भांड्यात ४५-५० अंशांपर्यंत निववून भरा. पण निवताना आणि भरताना वरून जे पडेल त्याला मारायला आता उष्णता नाही. म्हणजे खोली, फडकी, हात, नळ, सगळं आजच्यापेक्षा दुप्पट स्वच्छ लागेल. साखर ६५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजायचं उपकरण) नसेल तर आधी तो घ्या. आणि परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं रसायन, लागेलच. सोडियम बेंझोएट घ्या, केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) नको. केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो लाल रंग फिका पाडतो. स्क्वॅश-सिरपसाठी पूर्वापार मर्यादा किलोला ६०० मिलीग्रॅम आहे, पण ती बेंझोइक आम्लाची. सोडियम बेंझोएटचं वजन त्या हिशेबाने साधारण ७०० मिलीग्रॅम येतं. अंदाजे चमच्याने घालणारे पुष्कळ पाहिलेत, तसं करू नका. बेंझोएट आंबट मालात चांगलं काम करतं आणि कोकमाइतकं आंबट दुसरं काय असणार.

आगळाचं सोपं आहे. ते मिठाचं, थंडच भरतो. आधी तेच प्लास्टिकात न्या.

कोथरूडकरीण
३ मे, दुपारी १:२०

मी गिऱ्हाईक म्हणून लिहितेय. दर मे महिन्यात गावाहून सहा बाटल्या येतात. मला काचच हवी. रिकाम्या बाटल्यांत आम्ही वर्षभर तेल, काकवी, पिण्याचं पाणी ठेवतो. प्लास्टिकच्या बाटलीतलं आंबट आणि तेलकट खाताना मनात शंका राहतेच. आंबट पदार्थाने प्लास्टिक उतरतं ना?

गरम_भरणी
३ मे, दुपारी ३:४५

ताई, शंका रास्त आहे, पण सरसकट नाही. कोकमाच्या आम्लाने पेटला सहसा काही होत नाही. गडबड उष्णतेने होते. बाटली उन्हात, गाडीत, गच्चीवर पडून राहिली की प्लास्टिकातले सूक्ष्म अंश जास्त वेगाने मालात उतरतात. तेलाचंही वेगळं, तेलात विरघळणारे घटक पाण्यात विरघळत नाहीत पण लोणच्यात येऊ शकतात. म्हणून लोणच्यासाठी कोणतं प्लास्टिक हे नीट बघावं लागतं.

आणि काचेतही सगळं आलबेल नसतं. आगळाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण कधी काढून बघा. मीठ, आम्ल आणि आपली खारी हवा. सहा महिन्यांत आतली लाख उडते आणि काठाला तांबूस गंजाची कड दिसते. ती कड कुणाच्या तरी सोलकढीत जाते.

पडवीत_बसलेलो
३ मे, रात्री ८:५०

आमच्या घराकडे आगळ कधी बाटलीत नाय भरला. आवस (आई) अजून चिनीमातीच्या बरणीत घालता, वर धुतलेल्या फडक्याचो दादरो बांधता आणि बरणी काळोखात ठेवता. काळोखात कित्याक, ता माका आज ह्या वाचून कळला.

एक सांगतंय. भंगारवाल्याकडच्या जुन्या बियरच्या बाटल्या धुवन त्यात आगळ भरून विकतत, ता तेवढा करू नकात. आमी एकदा अशी बाटली घेतली, उघडल्यार फिनेलचो वास. आत आधी काय होता ता कोणाक म्हायत?

वाळूतली_पावलं
४ मे, सकाळी ६:३०

आगळवाली ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहितो. मी मंडणगड तालुक्यातला. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम सुरू झालं तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांना किनारा साफ करायची सवय लागली. दर रविवारी तीन तास.

आम्ही गोळा केलेलं वेगळं करतो तेव्हा एक गोष्ट दिसते. बाटल्यांपेक्षा झाकणं जास्त निघतात. कारण साधं आहे: पेट पाण्यापेक्षा जड, झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं. झाकण निघालेली पेट बाटली पाणी भरून तळाला जाते, झाकण तरंगत आपल्याकडे येतं. म्हणजे किनाऱ्यावर दिसतं तेवढंच समुद्रात आहे असं समजू नये. पुळणीत बसून एक हात लांब-रुंद जागा चाळली तर निळी, हिरवी, पांढरी झाकणं, चप्पलचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या आणि जाळ्याचे धागे. पुड्या कुणी घेत नाही, त्या अनेक थरांच्या असतात, त्यांचं पुढे काहीच होत नाही.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं सांगतो. आमच्या भागात भंगारवाला पेट बाटली घेतो, काच घेत नाही. जड, फुटकी, गाडीत धोका, आणि भाव इतका कमी की वाहतूकही सुटत नाही. म्हणून काच पऱ्यात (ओढ्यात) पडते. वाळूत उभी रुतलेली काच आमच्या एका मुलाच्या टाचेत गेली, सात टाके पडले. काच म्हणजे निसर्गाला बरी, हे तेव्हाच खरं जेव्हा ती परत कुणीतरी घेतो.

तेव्हा पेट घेतलीतच तर एवढं करा. बाटली बिनरंगी घ्या, हिरव्या-तपकिरी बाटलीला भाव कमी मिळतो. अंगभर ओढून बसवलेलं चकचकीत वेष्टन नको. ते बहुतेक पीव्हीसीचं असतं आणि पेटमध्ये मिसळलं की सगळा घाणा बिघडवतं. पाण्यात सुटेल असं छोटं लेबल लावा. झाकणाला कडी राहील असं बघा, म्हणजे बाटलीबरोबर झाकणही परत जाईल. आणि पाऊच कितीही स्वस्त पडला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या बाजूला वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा घेऊन दाखवलाय, पूर्वीच्या कचऱ्याच्या जागेवर आज लोक बघायला जातात. तिथे जाऊन या, पेटचं पुढे काय होतं ते विचारा.

नियमावली
४ मे, रात्री ११:१०

अन्नप्रक्रिया परवान्यांची कामं करते. थोडक्यात लिहिते.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे पॅकेजिंग विनियम आहेत, १ जुलै २०१९ पासून लागू. प्लास्टिक कोणतं त्याप्रमाणे भारतीय मानक ठरलेलं आहे: पेटला आयएस १२२५२, पीपीला आयएस १०९१०, पॉलिथिनला आयएस १०१४६. प्लास्टिकातून मालात एकूण किती उतरू शकतं याची मर्यादा किलोला ६० मिलीग्रॅम. ती चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे होते. 'फूड ग्रेड' हे शब्द बाटलीवर छापलेले असणं आणि तुमच्या हातात त्या बाटलीचा चाचणी अहवाल असणं यात फार अंतर आहे. व्यापाऱ्याकडे अहवाल मागा. टाळाटाळ केली तर दुसरा व्यापारी बघा. स्वतः तपासायचं तर अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे.

बाटली बदलली म्हणजे लेबलवरची टिकण्याची मुदतही नव्याने ठरवायची. काचेतल्या बारा महिन्यांची तारीख प्लास्टिकवर तशीच छापू नका. मी हे घडताना पाहिलंय, आणि माल परत घ्यावा लागला तेव्हा त्या बचत गटाचं अख्खं वर्ष गेलं.

यंत्र घ्यायचं असेल तर पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं होतं. ती अजून चालू आहे का, याची जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करा.

आगळवाली
५ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आम्ही नऊही जणी बसून धागा मोठ्याने वाचला. झाकणाचं वाचून आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू उठल्या, गेल्या वर्षीची आगळाची बाटली आणून झाकण उघडलं. गंज होता. कुणी काही बोललं नाही. उद्यापासून काचेच्या बाटलीलाही प्लास्टिकचंच झाकण.

एकाच दिवशीचा, एकाच भांड्यातला माल काच, पेट आणि पीपीत भरून ठेवते. काही खिडकीत, काही फडताळात. पावसाळा संपत आला की इथे येऊन लिहीन.

देवगडहून
१९ मे, दुपारी १२:०५

याच विषयावर आमचा अनुभव. गेल्या मे महिन्यात तापवण्यात कसूर राहिली आणि सरबत आंबलं. काचेच्या बाटल्या होत्या. एक बाटली फडताळातच फुटली, काचा दहा फुटांवर. खोलीत मूल नव्हतं हे देवाचे उपकार. पेट असती तर आधी फुगली असती, बूड गोल झालं असतं आणि आम्हाला कळलं असतं. पेटची ही बाजू कुणी मांडली नव्हती म्हणून लिहिलं. काचेचा अभिमान आम्हालाही होता.

आगळवाली
६ सप्टेंबर, रात्री ८:१५

सांगितल्याप्रमाणे आले. चार महिने झाले.

आधी गरम भरलेल्या पेटचं. गरम_भरणी दादांनी सांगूनही मी एक बाटली ८२ अंशांवर भरून बघितली, कारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाकीच्यांना पटलं नसतं. ओतताना काही झालं नाही. आडवी ठेवली आणि मिनिटभरात कमरेला सुरकुती पडली, बूड बाहेर आलं. थंड झाल्यावर ती ओट्यावर उभीच राहीना, कलंडायची. ती अजून ठेवलीय, नव्या मुलींना दाखवायला.

आता रंग. सगळ्या बाटल्यांतलं थोडं थोडं पांढऱ्या बशांत ओतलं आणि ओळीने मांडलं. फडताळातली काच: जशी भरली तशी, जांभळट लाल. फडताळातली पेट: लाल, पण कडेला बशीत पसरतं तिथे किंचित विटकरी झाक. शेजारी काचेतलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. फडताळातली पीपी: सरळ तपकिरीकडे झुकलेली. आणि खिडकीतल्या? खिडकीतली काचसुद्धा गेली! पेटही गेली, पण काचही गेली. चौदा वर्षं आम्ही दुकानदारांना सांगतोय, बाटल्या दर्शनी ठेवा, उन्हात रंग चमकतो. आमच्याच हाताने आमचा रंग घालवत होतो. आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय: उन्हात ठेवू नये.

तर ठरलं ते असं. आगळ सगळं पेटमध्ये, खानावळींना पाच लिटरच्या एचडीपीई (जाड, अपारदर्शक प्लास्टिकच्या) कॅनमधून. त्याला काचेची गरजच नव्हती, आम्ही सवयीने भरत होतो. बाहेरगावी जाणारं सरबत पेटमध्ये, निववून, बेंझोएट तोलून. मुदत बारा नाही, चार महिने, आणि ऑर्डर आली की तेवढंच भरायचं. लेबलवर परिरक्षकाचं नाव स्पष्ट. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी त्यासाठी ऑर्डर रद्द केली. वाईट वाटलं, पण लपवणार नाही. लोणचं काचेतच. तेलावर प्रयोग करायची माझी तयारी नाही, निदान यंदा तरी.

आणि कुडाळ-सावंतवाडीच्या दुकानांत जाणारं सरबत काचेत, परिरक्षकाशिवाय, बाटली परत दिली की १० रुपये. काच कुणी परत घेतली तरच बरी, हे वाळूतल्या पावलांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. जूनपासून ६० बाटल्या गेल्या, २३ परत आल्या. एका आजींनी आठ आणल्या, तीन वर्षांपूर्वीच्याही त्यात होत्या. स्वच्छ घासून, फडक्यात गुंडाळून.

आता परत आलेल्या बाटल्या धुवायच्या कशा ते सांगा. नुसत्या साबणाने माझं समाधान होत नाही.

गरम_भरणी
७ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, वाचून फार बरं वाटलं. कॉलेजात शिकवावा असा प्रयोग केलात.

धुण्याचं: आधी लेबल काढायला कोमट पाण्यात भिजत ठेवा. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून आतून ब्रशने घासा, तीन पाण्यांनी खळबळा, शेवटी उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं. बाटल्या थंड पाण्यात असतानाच आच द्या, उकळत्यात टाकू नका. काचेला एकदम चाळीसेक अंशांचा फरक पडला की ती तडकते. गरम सरबतही गरम बाटलीतच ओता. तुमच्या फुटणाऱ्या बाटल्यांतल्या काही केंद्रातच तडा जाऊन निघत असतील, बसमध्ये फक्त उघड्या पडत असतील.

सगळ्यात महत्त्वाचं बाटलीचं तोंड. दिव्यासमोर धरून गोल फिरवा. काठाला नखाएवढा जरी टवका असला तरी ती बाटली बाद. तिथून हवा जाते आणि काचेचा कण मालात येतो. बोट फिरवून बघू नका, डोळ्यांनी बघा. आणि ज्या बाटलीला रॉकेल, फिनेल, कसलाही वास येतो ती कितीही चकचकीत असली तरी वेगळी काढा.

वाळूतली_पावलं
७ सप्टेंबर, सकाळी ९:१०

ताई, टवका गेलेल्या आणि बाद बाटल्या पऱ्यात जाऊ देऊ नका. पोत्यात साठवा. कोल्हापूरचा तुमचा व्यापारी नव्या बाटल्या घेऊन येतो तेव्हा त्याची गाडी परत जाताना रिकामी असते ना? त्यालाच विचारा, फुटकी काच भट्टीत परत जाते.

आगळवाली
७ सप्टेंबर, रात्री १०:००

विचारलं. पन्नास किलो झाले की नेतो म्हणाला. मागच्या पडवीत पोतं लावलंय, आज त्यात अकरा बाटल्या आहेत.